घाटटोलीचं नाव कोणी उडवलं

"बाईंनी फोन केला नाही. विषय एवढाच आहे," असं म्हणून साहेबांनी एक टाइप केलेला कागद आमच्या सरांपुढे सरकवला. "तुमच्या सॉफ्टवेअरवर माझा आक्षेप नाही. तुम्ही फक्त लिहून द्या, की प्रणाली व्यवस्थित चालते आणि चूक ऑपरेटरची आहे. पुढचं मी बघतो."

ऑपरेटर त्याच खोलीत होती. दाराजवळच्या कॉम्प्युटरपाशी, खुर्ची असून उभी. साहेबांचा शब्द न् शब्द तिला ऐकू जात होता आणि साहेबांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती जणू त्या कॉम्प्युटरची वायर होती. माझं डोकं तापायला सुरुवात झाली ती तिथून, आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरतं थंड झालेलं नाही.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली आहे. मी चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या एका लहानशा फर्ममध्ये प्रोग्रामर होते. मालक चिंतावार सर. आम्ही सरकारी, निमसरकारी कार्यालयांना कॉम्प्युटरवरची पानं बनवून द्यायचो. हे कार्यालय गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या पलीकडचं एक तालुक्याचं गाव आहे तिथलं. नाव लिहीत नाही.

त्या कार्यालयाचं पावसाळ्यातलं एक काम होतं. नदीवर वरच्या अंगाला धरण. धरणाचे दरवाजे उघडायचे असले की तिथून निरोप यायचा. मग ऑपरेटरनं काठावरच्या गावांना एकेक करून फोन लावायचा: पाणी येतंय, नदीतून बाहेर निघा, डोंगे, म्हणजे होड्या, वर ओढा, जनावरं हटवा. आधी गावांची आणि फोन नंबरांची यादी भिंतीवर चिकटवलेली असायची. मग चिंतावार सरांनी त्याचं कॉम्प्युटरवर पान बनवून दिलं. पान सुरू झालं त्या दिवशी साहेबांनी भिंतीवरची यादी काढून टाकली आणि तिथे एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर लावलं. कॅलेंडरवर धबधबा होता.

ऑपरेटरचं नाव ज्योत्स्ना शेंडे. कंत्राटी नोकरी. घरी सासू, दोन मुली, आणि नवरा असून नसल्यासारखा. हे मला तिनं सांगितलं नाही, चहा आणणाऱ्या बाईनं सांगितलं. तो कागद म्हणजे तिला कामावरून काढण्याची नोटीस होती; त्यावर सरांची सही झाली असती तर ती त्याच संध्याकाळी घरी गेली असती, आणि "जिनं फोन केला नाही ती" हे नाव घेऊन आयुष्यभर त्याच तालुक्यात राहिली असती. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

आता काय झालं होतं ते सांगते. आदल्या आठवड्यात धरणाचे थोडे दरवाजे उघडले. निरोप आला. शेंडे मॅडमनी फोन लावले. पण घाटटोलीला फोन गेलाच नाही. घाटटोली म्हणजे नदीला अगदी खेटून असलेली ढिवरांची वस्ती. मासेमारी करणारी घरं. धरणाला सगळ्यात जवळची, म्हणून यादीत पहिली. पत्रू आणि देवाजी हे दोघे भाऊ त्या सकाळी नदीत जाळी लावून होते. पाणी आलं. पत्रू काठावर होता तो वाचला. देवाजी मधल्या खडकावर चढला आणि पलीकडच्या काठच्या लोकांनी दोर टाकून काढेपर्यंत तिथेच बसून राहिला. डोंगा वाहून गेला. जाळीही गेली.

आम्ही पोचलो त्या दिवशी हे दोघे भाऊ पंचनाम्यासाठी तिथेच व्हरांड्यात आले होते. बाहेरच्या टेबलावरचा कारकून त्यांच्यावर खेकसत होता.

"तू म्हणतोस तुझा डोंगा गेला. हा म्हणतो याचा डोंगा गेला. आणि गावचे लोक म्हणतात एकच डोंगा गेला. साहेबाला उल्लू बनवता काय?"

"एकच आहे जी डोंगा," पत्रूभाऊ म्हणाले. "माहाही तोच, याचाही तोच. बापानं दोघाले मिळून देला."

"मग दोन डोंगे काऊन लिहून मागता?"

"आमी दोन कुठी मनलं? तुमी याले इचारलं, यानं आपला सांगतला. मले इचारलं, म्या आपला सांगतला."

कारकुनानं पेन आपटलं आणि 'जबाबात विसंगती' असं काहीतरी लिहिलं. नदीकाठच्या गावांत अर्ध्याहून जास्त डोंगे असे सामाईक असतात. हे त्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत नसावं, याचाच मला राग आला. पण मी सॉफ्टवेअरवाली. मला कोणी विचारलं नव्हतं.

त्याच वेळी शेंडे मॅडम पाणी प्यायला बाहेर आल्या. पत्रूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, फोन काऊन नाई केला तुमी? देवाजी गेलाच असता ना."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. शेंडे मॅडम ग्लास तसाच ठेवून आत गेल्या.

आत सरांनी मला सांगितलं, "वंदना, लॉग काढून दे साहेबांना."

लॉग म्हणजे पानावर कोणी, केव्हा, काय केलं याची कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद. मी काढली. त्यात दिसलं ते असं: घटनेच्या काही दिवस आधी धरणाचे सगळे दरवाजे उघडले होते. त्या दिवशी शेंडे मॅडमच्या नावानं मुख्य यादी सेव्ह झाली होती. सेव्ह होण्याआधी यादीत घाटटोली होती. सेव्ह झाल्यावर नव्हती.

"बघा," सर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "यांनीच उडवलं. यांच्याच लॉगिननं."

"म्या नाव नाई उडवलं जी," शेंडे मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "म्या फक्त पळसटोल्याचा नंबर बदलला होता. तिथला पीसीओ बंद पडला. दुसऱ्या दुकानाचा नंबर भेटला, तो टाकला आन् सेव्ह केलं."

"नंबर बदलताना हात लागला असेल," साहेब म्हणाले. "निष्काळजीपणाच झाला तो. घ्या लिहून."

सरांनी पेन काढलं.

मी म्हटलं, "सर, एक मिनिट. मूळ यादी आणि त्या दिवशी सेव्ह झालेली यादी, दोन्ही समोरासमोर बघू द्या."

ही साधी सवय आहे. काही हरवलं की काय हरवलं एवढंच बघायचं नाही, काय शिल्लक राहिलं तेही बघायचं. मूळ यादीत वरून पहिली चार गावं अशी होती: घाटटोली, सावरघाट, जांभूळटोला, करंजघाट. सेव्ह झालेल्या यादीत घाटटोली नव्हती. सावरघाट होतं. जांभूळटोला नव्हतं. करंजघाट होतं. पुढची सगळी जशीच्या तशी.

जांभूळटोलाही गेलेलं होतं आणि ते त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. जांभूळटोला उंचावर आहे, तिथे काही झालं नाही, म्हणून कोणी ओरडलं नाही. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. एक गेलं, एक राहिलं, एक गेलं, एक राहिलं. हात लागून चुकून असं होत नाही. रागानं उडवणाराही असं उडवत नाही. माणूस असं काही करत नाही. असं फक्त प्रोग्राम करतो.

"मॅडम," मी शेंडे मॅडमना विचारलं, "या पानाचा आणखी काही त्रास होतो का तुम्हाला?"

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एकाच गावाले दोनदा फोन करावा लागते जी. मी फोन करतो, झाला म्हणून टिक करतो, 'काढा' दाबतो. तरी काही गावं स्क्रीनवर तशीच राह्यते. मंग पुन्हा करतो. सावरघाटचा पीसीओवाला शिव्या देते मले. म्हणते, बाई, एकदा सांगतलं ना."

"हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"सरांना सांगतलं होतं फोनवर."

सर खिडकीबाहेर बघू लागले. मला तो फोन आठवत होता. मी शेजारच्या टेबलावर होते. सरांनी हसत हसत "दोनदा केला तर काय बिघडलं मॅडम, पूरच तर आहे" असं म्हणून तो ठेवला होता.

मी पानाचा कोड उघडला. हा कोड सरांनी स्वतः लिहिलेला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. भाषा जावास्क्रिप्ट. ती ब्राउझरमध्येच चालते, म्हणजे तुमच्यासमोर जे पान उघडलंय त्यात. बटण दाबलं की काय घडायचं ते ती ठरवते. गावांची यादी तिच्यात एका अ‍ॅरेत ठेवलेली होती. अ‍ॅरे म्हणजे रांग, दुसरं काही नाही. रांगेत पहिला, दुसरा, तिसरा.

'काढा' बटणाचा कोड असा होता: रांगेत पहिल्यापासून चालत जा, ज्याला टिक आहे त्याला काढून टाक, पुढच्या नंबरवर जा. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण रेशनच्या रांगेत उभं राहून बघा. पहिला माणूस रांगेतून काढला की दुसरा त्याच्या जागी पुढे सरकतो. आता तो पहिला झाला. आणि तुम्ही चाललात दोन नंबरच्या जागेवर बघायला. तिथे आता तिसरा उभा आहे. मधला तपासायचा राहूनच गेला. म्हणून घाटटोली निघाली, सावरघाट राहिलं, जांभूळटोला निघालं, करंजघाट राहिलं. पीसीओवाल्याच्या शिव्यांचं कारण सापडलं. रांगेतून काढायचं तर शेवटाकडून काढत यावं, म्हणजे सरकणारे तपासून झालेलेच असतात. हे शिकाऊ माणसालाही दुसऱ्या महिन्यात कळतं.

पण यानं फक्त स्क्रीनवरची आजची यादी बिघडायला हवी होती. मुख्य यादीतून गावं का गेली? मी वर सरकले आणि ती ओळ सापडली. थोडे दरवाजे उघडले असतील तर सरांचा कोड मुख्य यादीतून लागतील तेवढी गावं निवडून एक नवी रांग बनवत होता. ते ठीक होतं. पण सगळे दरवाजे उघडले असतील तर सगळीच गावं हवीत. मग निवडायची कटकट कशाला, असा विचार करून सरांनी सरळ लिहिलं होतं: आजची यादी बरोबर (=) मुख्य यादी.

या 'बरोबर'नं घात केला. ज्यांना प्रोग्रामिंगची माहिती नाही त्यांना वाटेल, मुख्य यादीची एक नक्कल झाली आणि तिला आजची यादी म्हटलं. तसं होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेला असं 'बरोबर' लावलं की नक्कल होत नाही. त्याच एका वस्तूला दुसरं नाव मिळतं. याला रेफरन्स म्हणतात. नावं दोन, वस्तू एकच. आजच्या यादीतून घाटटोली काढली की ती मुख्य यादीतूनही गेली, कारण मुख्य यादी नावाची वेगळी वस्तू तिथे नव्हतीच.

तरीही रोज काही बिघडत नव्हतं. पान बंद करून पुन्हा उघडलं की मुख्य यादी सर्व्हरवरून पुन्हा ताजी यायची. बिघडायला एकच गोष्ट लागत होती. सगळे दरवाजे उघडल्याच्या दिवशी, अर्धे फोन झालेले असताना, कोणीतरी मध्येच सेव्ह दाबायला हवं होतं, म्हणजे ती गावं गळालेली मुख्य यादीच सर्व्हरवर कायमची लिहिली गेली असती. आणि मध्येच सेव्ह कोण दाबतं? एखाद्या गावाचा फोन लागला नाही, दुसरा नंबर मिळाला आणि तो लगेच टाकून ठेवला, तर. चंद्रपूरला आमच्या ऑफिसात चाचणी घेतली तेव्हा सरांनी सगळे नंबर आमच्याच ऑफिसचे टाकले होते. सगळे फोन लागले. गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्यात सगळे फोन लागतील असं धरून ज्यानं हे पान बनवलं, त्याला निष्काळजी कोणी म्हणत नव्हतं. जिनं बंद नंबर त्याच क्षणी बदलून ठेवला, तिच्यासाठी नोटीस टाइप झाली होती. कंटाळा केला असता तर काहीच झालं नसतं. हे कळलं तशी मी खुर्ची मागे सारून उठले.

मी सरांना व्हरांड्यात घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना लगेच समजलं. हुशार माणूस होता. तोंडावरचा रंग उडाला, मग परत आला.

"अरे यार," ते म्हणाले. "ठीक आहे. आत्ता काही बोलू नको. चंद्रपूरला जाऊन चुपचाप दुरुस्त करू, नवी फाइल टाकून देऊ. कोणाले काही समजत नाही."

"आणि शेंडे मॅडम?"

"कंत्राटी आहे ती. दुसरीकडे लागून जाईल."

"सर, आत तो माणूस कागद धरून बसलाय. तुम्ही सही केलीत तर लोक तिला जन्मभर 'जिनं फोन केला नाही ती' म्हणतील."

"अन् मी सही नाही केली तर आपल्याले या जिल्ह्यात काम भेटणार नाही. पगार कुठून देऊ तुले? तू चुप राह, वंदना. सीनियर म्हणून सांगून राह्यलो."

पाच-सहा वर्षं त्यांच्याकडे काम केलं होतं मी. माझ्या लग्नात ते जेवून गेले होते. त्या क्षणी मला त्यांचा इतका तिटकारा आला की समोरच्या कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांकडे बघत उभी राहिले, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पत्रूभाऊ आणि देवाजी उकिडवे बसले होते. देवाजीच्या तळव्यांना खडकानं कापलेल्या जखमा होत्या, त्यावर हळद लावलेली होती.

मी आत गेले.

"साहेब," मी म्हटलं, "सरांनी लिहून देण्याआधी तुम्ही एकदा स्वतः हे पान चालवून बघा. म्हणजे प्रणाली बरोबर चालते हे तुमच्याही डोळ्यांनी दिसेल."

सर मागून आले होते. ते काही बोलणार तेवढ्यात साहेब खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसलेसुद्धा. यंत्र चालवायची त्यांना हौस होती. आल्याबरोबर सरांनी घाटटोली यादीत परत घातली होती, आणि जांभूळटोला मी नुकतंच घातलं होतं. यादी मूळ होती तशी झालेली होती.

"सगळे दरवाजे निवडा," मी म्हटलं. साहेबांनी निवडलं. यादी आली. "सगळ्यात वर कोण?"

"घाटटोली."

"आता समजा पहिल्या चार गावांना फोन झाले. टिक करा आणि काढा दाबा."

साहेबांनी केलं. दोन गावं गेली, दोन राहिली.

"हे काय? दोनच गेली?"

"शेंडे मॅडम हेच सांगत होत्या. ते बाजूला ठेवा. आता पळसटोल्याचा नंबर लागत नाही असं समजा. शेवटचा आकडा बदला आणि सेव्ह करा."

साहेबांनी एका बोटानं आकडा बदलला. सेव्ह दाबलं. 'यादी जतन झाली' असं आलं.

"पान बंद करा. पुन्हा उघडा. सगळे दरवाजे."

यादी आली. सगळ्यात वर सावरघाट होतं.

साहेबांनी माउस खाली-वर फिरवला. पुन्हा वर नेला. घाटटोली कुठेच नव्हती.

"घाटटोली तुम्ही उडवलीत, साहेब," मी म्हटलं. "आत्ता, आमच्यासमोर, तुमच्या हातानं. आता तुमचीही नोटीस टाइप करायची का?"

असं बोलायला नको होतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मला तसं तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी फक्त नंबर बदलला," ते म्हणाले.

हे वाक्य आपण आधी ऐकलंय, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. शेंडे मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

"पण गाव गेलं कसं?" साहेबांनी विचारलं. आवाज उतरला होता. "मी आजची यादी हाताळत होतो. मुख्य यादीला मी हातही लावला नाही."

मी दाराकडे पाहिलं. आवाज ऐकून दोघे भाऊ उंबऱ्याशी येऊन उभे राहिले होते.

"साहेब, सकाळपासून तुमचा कारकून या दोघांना खोटं ठरवतोय. म्हणे, हाही माझा डोंगा म्हणतो, तोही माझा डोंगा म्हणतो, म्हणजे लबाडी आहे. डोंगा एकच आहे. मालक दोन. नदीनं पत्रूभाऊंचा डोंगा नेला तर देवाजीचा काठावर राहील का? या पानात तसंच केलंय. आजची यादी आणि मुख्य यादी ही दोन नावं आहेत, वस्तू एक आहे. आजच्या यादीतून काढलं की मुख्य यादीतूनही गेलंच. नक्कल करायची असते ती केलेली नाही."

"कोणी केलेली नाही?"

मी सरांकडे पाहिलं. ते सरांनी सांगायला हवं होतं. मी त्यांना तेवढी संधी दिली, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"आम्ही केलेली नाही," शेवटी मीच म्हटलं. "आमच्या फर्मनं. हे पान आम्ही बनवलं आहे आणि ते चुकीचं आहे. ते मी लिहून देते. सही माझी घ्या."

मी तिथेच बसून दुरुस्ती केली. आजच्या यादीसाठी खरी वेगळी नक्कल, आणि काढायचं ते शेवटाकडून. साहेबांच्या हातून गेलेली दोन गावं आणि पळसटोल्याचा खरा नंबरही परत घातला. चहा गार व्हायच्या आत झालं. एवढ्या दुरुस्तीसाठी एका बाईची नोकरी चालली होती आणि एक माणूस खडकावर बसला होता.

साहेबांनी नोटिशीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. शेंडे मॅडमकडे बघून "चालू द्या काम" एवढंच म्हणाले, जणू त्या आळस करत होत्या. मग सरांकडे वळले आणि त्यांना त्याच भाषेत झापायला लागले, ज्या भाषेत सकाळी शेंडे मॅडमना झापलं असणार. साहेबांना कोणीतरी लागतंच होतं.

मी बॅग उचलली. शेंडे मॅडमनी भिंतीवरचं धबधब्याचं कॅलेंडर काढून टेबलावर पालथं ठेवलं होतं. एका मोठ्या कागदावर त्या स्केचपेननं गावांची नावं लिहीत होत्या, वरून खाली, पहिलं घाटटोली. साहेबांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागले, म्हणजे काही बोलले नाहीत.

जीप चंद्रपूरकडे निघाली. वाटेत मूल नावाच्या गावात भातगिरणीपाशी रस्ता वळतो तिथे सर म्हणाले, "तुले लई राग येते, वंदना. धंद्यात हे चालत नाही." पुढच्या महिन्यात मी तिथे नव्हते. नोकरी मी सोडली की त्यांनी काढलं, यावर आमचं एकमत व्हायचं अजून बाकी आहे. कार्यालयाच्या कागदोपत्री या सगळ्याची एक ओळ झाली: 'तांत्रिक अडचण दूर करण्यात आली.' कोणाची अडचण, कोणी आणली, ते त्यात नाही. पंचनाम्यात मात्र एक डोंगा, मालक दोन, असं लिहिलं गेलं. ते मी निघण्याआधी कारकुनाच्या डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं.

आता मी चंद्रपूरलाच मुलांना हेच शिकवते. दोन नावं दिसली म्हणजे दोन वस्तू आहेत असं धरू नका. काही काढून टाकण्याआधी, ते आणखी कोणाच्या हातात आहे ते बघा. हे यादीतल्या गावाला लागू आहे आणि नोकरीवरच्या माणसालाही. मुलं लिहून घेतात आणि परीक्षेत तरीही चुकवतात.

एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा पत्रूभाऊ उंबऱ्यावरून आत आले. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. शेंडे मॅडमच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "चुकलं बाई आमचं. तुमाले नाई नाई ते मनलं." शेंडे मॅडम लिहीत होत्या त्या थांबल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि पुन्हा लिहायला लागल्या. त्या दिवशी त्या खोलीत साहेब होते, आमचे सर होते, कारकून होता. माफी एकाच माणसानं मागितली, आणि डोंगा त्याचाच गेला होता.